अठराव्या दिवशी अंड्याला सुई नको

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: कोंबडीचं पिल्लू बाहेर येण्याआधीच, अंड्यात असतानाच त्याला लस टोचता येईल का, आणि तीही घरच्या घरी?

प्रश्न (गडहिंग्लज): माझ्याकडे शंभर अंड्यांचं इन्क्युबेटर आहे. मागच्या खेपेला मानमोडीनं चाळीस पिल्लं गेली. हॅचरीत अठराव्या दिवशी अंड्यातच लस देतात म्हणे. इन्सुलिनची सिरिंज आणि लासोटाची बाटली आणून मी घरीच टोचली तर?

उत्तर: चाळीस पिल्लं डोळ्यांदेखत माना टाकताना बघणं काय असतं, ते मी खूप घरांत पाहिलंय. तरीही सांगतो, हे करू नका. लासोटा तर मुळीच नको. ती मानमोडीवरची, म्हणजे रानीखेत रोगावरची, जिवंत विषाणूची लस आहे. बाहेर आलेल्या पिल्लाच्या डोळ्यात तिचा एक थेंब टाकला तर ते तिला सोसतं, पण अंड्यातल्या गर्भाला तीच लस मारते. तुमचं अख्खं इन्क्युबेटर बसेल.

हॅचरीत अंड्यात देतात ती मुख्यतः मरेक्स रोगाची, म्हणजे कोंबड्यांचे पाय लुळे करणाऱ्या रोगाची लस. टर्की पक्ष्यातला एक निरुपद्रवी विषाणू त्यासाठी वापरतात आणि तो गर्भाला चालतो. अठराव्या दिवशी अंड्यात दिलेली ही लस काम करते, हे अमेरिकेत शर्मा आणि बर्मेस्टर यांनी १९८२ मध्ये दाखवलं. पुढे नव्वदच्या दशकात यंत्रं आली. आता काही हॅचऱ्यांत रानीखेत किंवा गंबोरोचा (पिल्लांचा आणखी एक विषाणूजन्य रोग) अंश बसवलेल्या लसीही अंड्यात देतात, पण त्या त्यासाठीच बनवलेल्या असतात. नेहमीची बाटली तिथं चालत नाही.

यंत्र नेमकं काय करतं ते समजून घ्या. अंड्याच्या बोथट टोकाला आधी कवचाला बारीक भोक पाडतं, मग त्यातून सुई साधारण एक इंच आत घालतं आणि ०.०५ मिली लस सोडतं. वाटेत हवेचा कप्पा लागतो, त्याखालचा पडदा लागतो. लस पोचायला हवी ती पिल्लाभोवतीच्या आतल्या पाण्यात, नाहीतर थेट मानेच्या-खांद्याच्या मांसात. आतलं पाणी पिल्लू बाहेर येण्याआधी गिळतं, त्यातूनच लस पोटात जाते. हवेच्या कप्प्यात किंवा बाहेरच्या पाण्यात पडलेली लस वाया जाते. इन्सुलिनची सुई जेमतेम अर्ध्या इंचाची, बऱ्याचदा त्याहूनही आखूड, म्हणजे ती पोचणारच नाही. वेळही तितकीच नाजूक. सतराव्या दिवसाच्या आत दिली तर पिल्लं मरतात, एकोणिसाव्यानंतर आतलं पाणी संपत येतं. हॅचरीत हजारो अंडी एका दिवसाची, एकाच तापमानाची असतात. घरच्या इन्क्युबेटरमध्ये तीन दिवसांत जमवलेली अंडी, वर लोडशेडिंग. कुठलं अंडं किती पुढं गेलंय, हे टॉर्च लावूनही धड कळत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला मी एकदा हे हातानं करून बघितलं. लस नव्हती, नुसता निळा रंग घेतला होता, सुई कुठं जाते ते कळावं म्हणून. अंडी बारा होती. फोडून पाहिली तर सात अंड्यांत रंग हवेच्या कप्प्यात नाहीतर बाहेरच्या पाण्यात, दोन पिल्लांच्या डोक्यातच सुई गेलेली, नीट लागलेली तीन. अठराव्या दिवशी पिल्लाला पिसं आलेली असतात, डोकं उजव्या पंखाखाली घेऊन चोच हवेच्या कप्प्याकडे वळवलेली असते. ते दोन जीव अजून आठवतात. भोकातून घाण आणि बुरशी आत शिरते ती वेगळीच. सडलेलं एक अंडं मशीनमध्ये फुटलं की शेजारची सगळी खराब होतात.

प्रश्न (राधानगरी): मग आमच्या खुडूक कोंबडीखालच्या पिल्लांना लवकर संरक्षण मिळायला काहीच वाट नाही का?

उत्तर: आहे, आणि तीच घरगुती पाळणाऱ्यासाठी सगळ्यात चांगली आहे. आईला लस द्या. कोंबडीच्या रक्तातली प्रतिकारशक्ती बलकातून पिल्लात उतरते आणि पहिले दोन-तीन आठवडे पुरते. तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) आठ-दहा आठवड्यांची झाली की रानीखेतची आर-टू-बी लस टोचून घ्या. अंड्यावर आलेल्या कोंबडीला ती दिली तर अंडी घटतात, म्हणून अंडी सुरू होण्याआधीच उरकायचं. अशा आईची अंडी बसवली की पिल्लू बाहेर पडतं तेच थोडी शिदोरी घेऊन. ही शिदोरी हळूहळू संपते, म्हणून पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात लासोटाचा एक थेंब आणि चौथ्या आठवड्यात परत एकदा. कोंबडीच्या मागं चरायला सोडलेली पिल्लं त्या दिवशी संध्याकाळी डालग्यात घेतली की एकेक हातात धरता येतं. थेंब टाकल्यावर पिल्लू डोळा मिटून परत उघडेपर्यंत सोडू नका. घाईत तो थेंब गालावरून ओघळतो आणि आपल्याला वाटतं, लस झाली.

प्रश्न (कागल): दोन तलंगांचा एक पाय पुढं, एक मागं ताणलेला आहे. खातात, पण उठत नाहीत. तीन महिन्यांच्या आहेत. अंड्यातली लस याच्यासाठीच का?

उत्तर: तुम्ही लिहिलेली लक्षणं मरेक्सचीच वाटतात. तरी एखादी मेली तर शवविच्छेदन करून घ्या, कारण जीवनसत्त्वांच्या कमतरतेनंही पाय जातात. हा रोग पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि विषाणू खुराड्यातल्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. लागण झाल्यावर औषध नाही. लस असते ती आधीच, पिल्लू बाहेर आल्या दिवशी, मानेच्या मागच्या कातडीखाली ०.२ मिली. अंड्यात मिळते तीच ताकद, फरक दोन-तीन दिवसांचा. पहिला आठवडा पिल्लांना जुन्या कोंबड्यांच्या धुळीपासून लांब ठेवलंत की तो फरकही भरून निघतो. पिल्लं विकत आणत असाल तर मरेक्सचा डोस झालाय का, हे आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. गावरान आहे म्हणून लागत नाही, ही समजूत सोडा.

प्रश्न (हातकणंगले): मरेक्सच्या बाटलीत हजार डोस. माझी पिल्लं पस्तीस. उरलेली लस फ्रिजमध्ये ठेवू?

उत्तर: नाही. मिसळल्यावर बर्फावर ठेवून तासाभरात संपवायची, उरेल ती गेली. म्हणून गल्लीतल्या चौघा-पाचांनी मिळून एकाच दिवशी अंडी बसवा, म्हणजे पिल्लं एकाच दिवशी निघतील आणि बाटली वाटून घेता येईल. लसीसोबत येणारं द्रावणच वापरा. नळाचं पाणी किंवा सलाईन नको. थिजवलेल्या लसीला द्रव नायट्रोजन लागतो, ती घरच्या भानगडीत घेऊच नका. फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांवर राहणारी सुकी बाटली मागा आणि थर्मासमध्ये बर्फ घालून आणा. टोचताना चिमटीत नुसती कातडी उचला. बोटाला ओलं लागलं तर सुई आरपार गेलीय, ते पिल्लू परत टोचायचं. पहिल्या वेळी गावातल्या पशुवैद्यकाला शेजारी बसवा.

प्रश्न (कोल्हापूर, कसबा बावडा): लासोटाचा थेंब माझ्याच डोळ्यात उडाला. घाबरायचं का?

उत्तर: नाही. डोळा स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा. लाल होईल, थोडं पाणी येईल, काही दिवसांत उतरतं. दुखणं वाढलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन कोंबडीची लस उडाल्याचं सांगा. रिकामी बाटली पाण्यात उकळून मगच टाका, आणि सुया डब्यात घालून दवाखान्यात द्या.