गाडीच्या मागे कुत्री लागली तर वेग वाढवावा की गाडी थांबवावी?

तुम्ही विचारलंय की सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री बारा-सव्वाबाराला घरी येताना एका वळणावर चार-पाच कुत्री मोटरसायकलच्या मागे लागतात. मित्र म्हणतात गाडी पळव, बायको म्हणते थांबत जा. आणि ते आवाजाने कुत्री पळवणारं यंत्र मिळतं, ते घ्यावं का.

तुमची बायको बरोबर आहे. मित्रांचं ऐकू नका.

मी सांगलीत पेपरची लाइन टाकतो, २००१ पासून. आधी सायकल, मग एम-एटी, आता स्प्लेंडर. पहाटे चारला गठ्ठे उतरवून घ्यायचे, पुरवण्या घालायच्या आणि साडेचार-पावणेपाचला निघायचं. त्या वेळी रस्त्यावर दूधवाले, आम्ही आणि कुत्री एवढेच असतो. विश्रामबागेकडच्या माझ्या लाइनवरची प्रत्येक टोळी मला माहीत आहे. कोण कुठल्या खांबापर्यंत येतं, कोण नुसतं भुंकतं, कोण गप्प राहून मागून येतं, हे मी गाडी चालवता चालवता शिकलोय. इतक्या वर्षांत कुत्रं मला एकदाच चावलं. गाडीवरून मात्र मी दोनदा पडलो, आणि दोन्ही वेळा कुत्र्याचा दात लागलेला नव्हता. पहिल्यांदा पळवायला गेलो म्हणून पडलो, दुसऱ्यांदा लाथ घालायला गेलो म्हणून. लाथ घालताना पाय फूटरेस्टवरून सुटतो, अंगाचा तोल एका बाजूला जातो आणि हँडल त्याच बाजूला ओढलं जातं. कॉलर बोन मोडलं होतं. दीड महिना माझी लाइन दुसऱ्याने टाकली.

पण उत्तर लिहायला बसलो ते माझ्या पडण्यामुळे नाही, भाच्यामुळे.

२०१६ चा नोव्हेंबर. नोटाबंदीमुळे पेपरची बिलं थकलेली, कुणी शंभराची नोट मोडायला तयार नाही, आणि त्यातच मला डेंग्यू झाला. भाचा डिप्लोमाला आमच्याकडेच राहायला होता, एकोणीस वर्षांचा. तो म्हणाला, मामा, चार दिवस मी टाकतो लाइन, रस्ता पाठ आहे मला. मी त्याला अंथरुणात पडल्या पडल्या सगळं सांगितलं. पाण्याच्या टाकीच्या वळणावर एक तांबडी कुत्री आहे, ती मागे लागली तर गाडी हळू कर, थांबव, इंजिन बंद कर, तिच्याकडे तोंड करून उभा राहा. पळवू नकोस. दोनदा सांगितलं. त्याच संध्याकाळी त्याने घरी फोन केला आणि आमच्या दाजींनी त्याला सांगितलं, कुत्रं मागं लागलं की गाडी हाणायची, आपण थांबलो की ते चावतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला एका दूधवाल्याचा फोन आला. पोरगं टाकीच्या वळणावर खडीत पडलं होतं. ड्रेनेजच्या कामासाठी रस्ता उकरलेला, वळणावर बारीक खडी पसरलेली. नडगीचं हाड मोडलं, रॉड घातला, एक सेमिस्टर गेलं. पेपर सगळ्या रस्ताभर झाले होते. दूधवाल्याने ते गोळा करून त्यावर दगड ठेवला होता, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. ते त्याने का केलं असेल कुणास ठाऊक, पण मला अजून आठवतं.

दाजी आले ते थेट मला म्हणाले, तू पोराला थांबायला शिकवलंस म्हणून पडला, पळवली असती तर सुटला असता. अक्का काही बोलली नाही, पण तिनेही तेच मानलं. नऊ वर्षं झाली. कुठल्याही लग्नात, बारशात गाडीचा विषय निघाला की दाजी हेच सांगतात.

आता मी काय पाहिलं ते सांगतो. ताप उतरल्यावर मी त्या जागी गेलो. खडीत घसरल्याची खूण तशीच होती, माझी अठरा पावलं भरली. थांबायला निघालेली गाडी अठरा पावलं घसरत नाही. गाडी उचलून घरी आणली त्या दूधवाल्याने सांगितलं, टॉप गिअरमध्येच होती. आणि दवाखान्यात भाचा स्वतः मला म्हणाला होता, मामा, पप्पा म्हणाले होते पळव. ते मी आजपर्यंत अक्काला सांगितलं नाही, कारण पोराने आणि बापाने एकमेकांवर ढकलावं असं मला नको होतं. पण तुमच्यासारखा कुणीतरी रात्री बाराला त्याच सल्ल्यावर गाडी हाणणार असेल तर आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

ती तांबडी कुत्री का धावली होती तेही कळलं. रस्त्याकडेला ड्रेनेजचे सिमेंटचे पाइप आणून टाकलेले होते, त्यातल्या एकात तिची पाच पिल्लं होती, डोळे नुकते उघडलेली. कुत्र्यांचा माज भाद्रपदात असतो हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. त्यात साधारण त्रेसष्ट दिवस मिळवा, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. वर्षभर लोळत पडलेली कुत्री थंडीच्या तोंडावर अंगावर येऊ लागते ती यामुळे. ती पिसाळलेली नसते. ती त्या पाइपपासून पुढच्या विजेच्या डीपीपर्यंत प्रत्येक दुचाकीमागे धावायची आणि डीपीपाशी रोज त्याच जागी परत फिरायची. तिची हद्द तेवढीच होती, पाऊणशे-शंभर फूट.

मी पुन्हा लाइनवर आलो तेव्हा डीपीपाशी इंजिन बंद करायला लागलो. उतरायचं, गाडी माझ्या आणि तिच्या मध्ये धरायची आणि ढकलत पलीकडे न्यायची. पहिल्या दिवशी ती सात-आठ फुटांवर उभी राहून घसा फुटेस्तोवर भुंकली. दुसऱ्या दिवशी जवळ आली, मागच्या टायरचा वास घेतला, त्यावर मुतली आणि निघून गेली. पाचव्या दिवशी पाइपातून नुसतं डोकं वर काढलं. त्यानंतर मी पहिल्या गिअरमध्ये हळू नेऊ लागलो, तरी उठली नाही. जानेवारीत पिल्लं तिथून हलली, विषय संपला.

हे नीट बघितलं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. कुत्रं माणसामागे लागत नाही, पळणाऱ्या चाकामागे लागतं. चाक फिरतंय, आवाज वाढतोय, म्हणजे पळतंय, म्हणजे धरायचं. तुम्ही अॅक्सिलरेटर पिळला की ते त्याच्या दृष्टीने जिंकत असतं आणि उद्या आणखी जोरात येतं, कारण काल त्याने तुम्हाला हद्दीबाहेर पळवलेलं असतं. चाक थांबलं की बहुतेक कुत्री चार पावलांवर येऊन घोटाळतात. कान मागे, मान खाली, इकडे तिकडे बघतात, काय करावं ते त्यांना कळत नाही. मी हे शेकडो वेळा पाहिलंय. सरळ मोकळ्या रस्त्यावर तुम्ही पळवून सुटालही. पण आपल्या रस्त्यांवर पन्नास फुटांवर स्पीडब्रेकर असतो नाहीतर खड्डा, आणि तुमचं लक्ष मागच्या पायाकडे असतं. एखादं कुत्रं पुढच्या चाकाखाली आलं तर मग काहीच तुमच्या हातात राहत नाही.

तर वळण यायच्या आधीच गिअर उतरवा, हॉर्न वाजवू नका, पाय फूटरेस्टवरच ठेवा. धावत आली तर थांबा, एक जोरात ‘हाड’ म्हणा, किंचाळू नका. आपल्याकडच्या कुत्र्यांना माणूस जमिनीकडे वाकला की दगड येतो हे माहीत असतं, त्यामुळे नुसतं वाकलं तरी मागे सरतात. खरा दगड मारू नका. दगड खाल्लेलं कुत्रं गाडीचा आवाज विसरत नाही, आणि तुमच्या मागून येणारा भोगतो. गाडीवरून बिस्किटं फेकत जाणारे लोक मला त्याहून जास्त खटकतात. मन चांगलं असतं, कबूल, पण त्यामुळे कुत्र्यांना धावत्या गाडीमागे पळायची सवय लागते. खायला द्यायचंच असेल तर उतरून, एका जागी, दिवसा द्या. मागे बायको बसणार असेल तर साडीचा पदर आणि ओढणी आवरून घ्यायला सांगा, आणि पाय वर उचलू नको हे आधीच सांगा. मागचा माणूस दचकून हलला की पुढच्याचा तोल जातो.

दाजींचं दुसरं म्हणणं म्हणजे सगळी कुत्री उचलून लांब सोडा. आमच्या लाइनवरच्या एका अपार्टमेंटवाल्यांनी हेच केलं होतं, रात्रीत टेम्पोत घालून सहा कुत्री नेली. त्यातल्या चारांचे कान कापलेले होते, म्हणजे नसबंदी आणि लस झालेली. दोन महिन्यांत तिथे नवीन पाच आली, एकाचाही कान कापलेला नाही, कुणाच्या ओळखीची नाहीत, आणि गाड्यांमागे धावणं दुप्पट झालं. कचऱ्याचा ढीग तिथेच होता ना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात असंच झालं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागातली कुत्री जीव वाचवून वर विश्रामबागेकडे आली आणि पुढे महिनाभर पहाटे नुसती भांडणं. कुणाची हद्द कुठली हेच ठरत नव्हतं. त्या महिन्यात मी अर्धी लाइन गाडी ढकलत टाकलीय. जुनी, ओळखीची, कान कापलेली कुत्री ही तुमच्या रस्त्याची राखण आहे, त्यांना हलवू नका. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांतही नसबंदी करून, लस देऊन कुत्रं होतं त्याच भागात सोडायचं असंच आहे. सुप्रीम कोर्टाने सगळी उचलायला सांगितली असं लोक सांगतात. ११ ऑगस्ट २०२५ चा तो आदेश दिल्ली आणि आसपासच्या भागाचा होता, आणि २२ तारखेला तोही बदलला, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून बाकीची परत सोडायला सांगितली. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, स्टँड अशा आवारांपुरता वेगळा आदेश आला, तो आपल्या गल्लीबोळातल्या कुत्र्यांचा नव्हे.

यंत्राचं म्हणाल तर माझ्या शेजारच्या लाइनवाल्याने घेतलं होतं. एक-दोन कुत्री थबकली, बाकीची त्याच्या हाताकडे बघत भुंकत राहिली, आणि एका हाताने गाडी, दुसऱ्या हातात यंत्र, हे मला तरी जमणारं वाटत नाही. ते पैसे चांगल्या बुटांना घाला. घोट्याच्या वर येणारे, जाड.

आता राहिलेलं. थांबा म्हणालो ते नुसत्या पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांसाठी. लाळ गळतेय, चाल लडखडतेय, समोर येईल त्याला, दगडाला, खांबालासुद्धा चावतंय असं कुत्रं दिसलं तर लांबूनच गाडी वळवा आणि महापालिकेला कळवा. हायवेवर मधल्या लेनमध्ये थांबू नका, मागून ट्रक असतो. आणि एखादी बाई एकटी असेल, रस्ता निर्मनुष्य असेल, तर थांबण्यापेक्षा दुसरा रस्ता धरावा हे मला पटतं. तिथे धोका फक्त कुत्र्यांचा नसतो. न भुंकता, अंग खाली घेऊन मागून येणाऱ्या कुत्र्याला पाठ देऊ नका, मला चावलं ते असलंच होतं.

चावलंच, किंवा पँटवरून दात लागला असं नुसतं वाटलं तरी, घरी जाऊन पँट काढून बघा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. चुना, हळद, तिखट काही लावू नका, पट्टी बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रक्त आलं असेल तर जखमेत सीरम भरतात, ते वेगळं आणि लस वेगळी, दोन्ही मागून घ्या. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ते डोस पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा), मग तिथून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. मी अठ्ठाविसावा चुकवणार होतो, महिनाअखेरीची वसुली होती. नर्सबाईंनी फोन करून बोलावून घेतलं.

आणि तुमच्या त्या वळणावर सुट्टीच्या दिवशी दुपारी चालत जाऊन बघा. पाइप, बंद टपरी, वाळूचा ढीग, पडकी गाडी, जे काही असेल त्याच्या मागे वाकून बघा, पण हात घालू नका. पिल्लं असतील तर महिना-दीड महिना गाडी ढकलायची तयारी ठेवा. नसतील तर ती कुठल्या खांबापासून धावतात आणि कुठे परत फिरतात तेवढं बघून इथेच खाली लिहा, मी सांगतो.