'कव्हन'ला मराठीत काय म्हणावं?

एका अनुवादकाचा प्रश्न आला आहे. विक्का या आधुनिक पाश्चात्त्य, जादूविधी मानणाऱ्या धर्मावरच्या लेखाचं भाषांतर करताना त्यांनी असं वाक्य लिहिलं: 'एक वर्ष एक दिवस प्रशिक्षण घेऊन ती चेटकिणींच्या टोळीत सामील झाली.' वाक्य बरोबर वाटतं, तरी खटकतं, असं ते म्हणतात. 'कव्हन' (इंग्रजी coven, म्हणजे 'विच' लोकांचा छोटा गट) यासाठी टोळी चालेल का?

नाही चालणार. आणि खटकतंय ते एका शब्दामुळे नाही. प्रशिक्षण, चेटकीण, टोळी, सामील होणं, हे चारही शब्द बदलायला हवेत.

आधी उच्चार. कोव्हेन नव्हे, कव्हन. लॅटिनमधल्या 'एकत्र येणे' या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द आला, आणि आपल्याला शाळेमुळे माहीत असलेला 'कॉन्व्हेंट' त्याच घरातला. म्हणजे जोगिणींचा मठ आणि विचेसचं मंडळ ही शब्दांच्या नात्याने भावंडं. स्कॉटलंडमध्ये इझोबेल गाउडी या बाईचा चेटकाबद्दलचा १६६२ सालचा कबुलीजबाब प्रसिद्ध आहे, त्यात हा शब्द येतो. पुढे १९२१ मध्ये ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट मरे यांनी कव्हन तेरा जणांचंच असतं असं मांडलं. त्यांचा सिद्धान्त इतिहासकारांनी नाकारला, पण तेराचा आकडा चिकटला तो चिकटलाच.

आजचं विक्का मात्र विसाव्या शतकातलं. मलायात कस्टम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले जेराल्ड गार्डनर यांनी ते लोकांपुढे आणलं. आपल्याला १९३९ मध्ये इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट भागातल्या एका कव्हनने आत घेतलं, असं ते सांगत. इंग्लंडमधला जुना चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांनी या विषयावर उघडपणे पुस्तक काढलं. विक्का मानणारे लोक स्वतःला 'विच' म्हणवतात, पुरुषसुद्धा. मराठीत तिथे 'चेटकीण' घातलं की पुरुष गळतात, आणि बाई आपोआप दुष्ट ठरते. आपल्याकडे हा शब्द नुसता गोष्टीतला नाही. नंदुरबारच्या सातपुड्यात 'डाकीण' ठरवून बायकांना मारहाण झालेली आहे, गावाबाहेर काढलेलं आहे. एखाद्यावर करणीचा आळ घेणं रोखायला आपल्याला २०१३ साली कायदा करावा लागला. ज्या शब्दाने इथे बाईचा जीव जातो, तो मी कुणाच्या धर्मासाठी वापरणार नाही. 'विक्कन साधक' म्हणा, किंवा सरळ 'विच' ठेवा.

टोळी चोरांची असते, टोळांची असते. मंडळ जवळ येतं, पण ते गणेशोत्सवाचंही असतं आणि त्यात वर्गणी देऊन कुणीही जातं. मी 'कव्हन' तसाच ठेवीन, पहिल्यांदा येईल तिथे 'विक्कन साधकांचं छोटं मंडळ' असा खुलासा करीन, आणि पुढे मंडळाच्याच चालीवर नपुंसकलिंगी चालवीन: ते कव्हन, कव्हनात, कव्हनाची.

आता 'सामील होणं'. गार्डनरच्या परंपरेत कुणी आपण होऊन सामील होऊ शकत नाही. विचारावं लागतं, थांबावं लागतं, मग आत घेतलं जातं. प्रवेशाचा विधी डोळ्यांपुढे आणा: डोळ्यांवर पट्टी, हात दोरीने मागे बांधलेले, साधक रिंगणाच्या कडेवर उभा. छातीला सुरीचं टोक टेकवून त्याला अडवलं जातं. तो परवलीचे शब्द उच्चारतो, 'परिपूर्ण प्रेम आणि परिपूर्ण विश्वास', तेव्हा कुठे आत पाऊल पडतं. पुरुषाला दीक्षा देते ती स्त्री, स्त्रीला पुरुष. याला 'सामील झाली' म्हणणं म्हणजे भिशीत नाव घातल्यासारखं झालं.

आपल्याकडे अशा प्रवेशाला शब्दांची श्रीमंती आहे. वारकरी माळ घालतो, महानुभाव अनुसरण घेतो, दत्तभक्ताला अनुग्रह होतो. पण माळेत गुप्तता नाही आणि अनुग्रहात एका गुरूची कृपा आहे. विधी, शपथ आणि नवी ओळख हे तिन्ही सांभाळतो तो 'दीक्षा'च. क्रियापद तेवढं जपून वापरा. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. तिथे 'घेतली' हेच योग्य, कारण निर्धार त्यांचा होता. कव्हनाची दीक्षा मिळते.

दीक्षेच्या तीन पायऱ्या असतात. 'पदवी' म्हटलं की विद्यापीठ आठवतं, म्हणून पायरीच. दीक्षेआधी शिकणाऱ्यांचा जो बाहेरचा गट असतो, त्याला मला 'ओसरी' म्हणावंसं वाटतं: घरातच, पण माजघरात नाही. तिथल्या शिकण्याला 'प्रशिक्षण' म्हटलं की सरकारी शिबिर वाटतं. जुना, नेमका शब्द आहे 'उमेदवारी'. सुताराकडे, वकिलाकडे करत ती. 'एक वर्ष एक दिवस' मात्र तसंच राहू द्या, सव्वा वर्ष करू नका. ही जुन्या इंग्रजी कायद्यातली मुदत आहे. पळालेला भूदास शहरात इतके दिवस राहिला की मोकळा होई. वरच्या एका दिवसाचं मोल आपल्याला समजावून सांगायला नको, आपण आहेराच्या पाकिटात एकशे एक रुपये घालतो.

दीक्षा मिळालेल्याने गुरूच्या हस्तलिखितावरून मंत्र नि विधी स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायचे असतात. या वहीला इंग्रजीत 'बुक ऑफ शॅडोज' म्हणतात. त्याचं 'छायाग्रंथ' करता येईल, पण छापील ग्रंथाशी तिचा संबंध नाही. रामदासी मठांत अशाच उतरवलेल्या वह्या असत, धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात त्या जपलेल्या आहेत. त्यांना बाड म्हणतात. 'छायांचं बाड' किती नेमकं बसतं!

तेव्हा तुमचं वाक्य असं होईल: 'एक वर्ष एक दिवस उमेदवारी केल्यावर तिला कव्हनाची दीक्षा मिळाली.'

तिसऱ्या पायरीनंतर ही बाई स्वतःचं कव्हन काढेल, असं लेखात पुढे येण्याचा संभव आहे. इंग्रजीत त्याला पोळ्यावरून शब्द आहे, राणीमाशी थवा घेऊन नव्या जागी जाते तसा. तिथे 'वेगळी चूल मांडली' लिहिण्याचा मोह होईल. पण आपल्याकडे चूल वेगळी होते ती बहुधा भांडणानंतर, आणि ही तर थोरांचा आशीर्वाद घेऊन निघते. 'मोहोळ' घ्यावं तर ते आपल्याकडे नुसतं उठतं. साधं 'तिने आपलं कव्हन उभं केलं' लिहा.