शेवटचा एक गेला कुठे?

प्रश्न : मुलीच्या प्रकल्पासाठी स्प्रेडशीटमध्ये १११११११११ (नऊ वेळा एक) चा वर्ग काढला. उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० आलं. शेजारचे काका म्हणतात, शेवटी २१ हवेत. कोणाचं खरं मानायचं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : काकांचं. अहो, एकं स्थानी १ आणि १ चा गुणाकार. तिथे शून्य येईलच कुठून?

स्प्रेडशीट पंधरा अंकच सांभाळते, पुढच्या घरांत शून्यं टाकून मोकळी होते. तुमची संख्या सतरा अंकी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या स्थानांनी मोजलीत, तर डावीकडचा पहिला १ ‘मध्य’ स्थानी बसतो. परार्धाच्या अलीकडचं घर ते!

आता चौकटीची वही घ्या. मी वर्गात हेच करायला लावायचो. नऊ एकांची ओळ लिहा, खाली पुन्हा तीच, पण दरवेळी एक घर डावीकडे सरकवून. अशा नऊ ओळी झाल्या की उभी बेरीज. उजवीकडून पहिल्या घरात एक, मग दोन, तीन, मधोमध नऊ, पुढे परत आठ, सात. हातचा कुठेच येत नाही, म्हणून १२३४५६७८९८७६५४३२१.

दहा वेळा एक घेतलात की गंमत. मधल्या घरात दहा भरतात, हातचा शेजारच्या नवाला जातो, त्याचेही दहा होतात, तो हातचा आठाला मिळून नऊ. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब! पोरं हमखास ओरडायची, “सर, चुकलं!” चुकलेलं नसायचं.

नऊ एकांच्या वर्गातल्या अंकांची बेरीज ८१, आणि त्याला ८१ ने भागही जातो. पण बेरजेवर विसंबू नका, तिच्यावरून फक्त नऊची खात्री मिळते. ८१ ने भाग जातो, कारण १११११११११ म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९, आणि वर्गात तो ९ दोनदा येतो.

देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी असल्या संख्यांना ‘डेमलो’ म्हटलं. कल्पना सुचली डोंबिवली स्टेशनात, नावही त्याच स्टेशनाच्या जुन्या ‘डेमलो’ नावावरून. आज सकाळी आठला त्या फलाटावर वही उघडून दाखवावी कुणी!

मुलीला आता आठच एकांचा वर्ग हाताने करू द्या. तो बरोबर पंधरा अंकी येतो, मग स्प्रेडशीटशी ताडून बघा.