खडक न वितळता बदलतो कसा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ‘उष्णता आणि दाब यांमुळे मूळ खडकाचा रूपांतरित खडक होतो’ एवढंच पुस्तकात दिलंय. इतक्या उष्णतेत खडक वितळून जात नाही का? (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वाचक, लातूर)

उत्तर : नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. खडक वितळला की त्याचा शिलारस होतो, आणि तो थिजून बनतो तो अग्निजन्य खडक. रूपांतरण म्हणजे खडक घन असतानाच त्याच्यात झालेला बदल. साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसला तो सुरू होतो आणि वितळण्याच्या उंबरठ्यापर्यंत चालतो. हा उंबरठा पाण्यावर अवलंबून असतो. पाणी असेल तर ग्रॅनाइटच्या जातीचा खडक ६५०-७०० अंशांना वितळू लागतो, कोरडा असेल तर त्याहून बराच तापूनही घन राहतो.

मग घन दगडात नवी खनिजं येतात कुठून? कणाकणांच्या सीमेवर किंचित पाणी अडकलेलं असतं. जुन्या खनिजाच्या कडेवरून सुटलेले अणू त्या वाटेने सरकतात आणि नव्या स्फटिकावर जाऊन बसतात. हे काम लाखो वर्षं चालतं. परीक्षेत उत्तर लिहिताना उष्णता आणि दाबाच्या जोडीला पाणी आणि काळ जरूर लिहा.

प्रश्न : स्लेट, फिलाइट, शिस्ट, नीस ही नावं पाठ आहेत, पण दगड हातात आला की ओळखता येत नाही. सुरुवात कुठून करावी? (भूगोलाचे शिक्षक, सावंतवाडी)

उत्तर : सर, दगड उन्हात धरून हळूहळू फिरवा. एका दिशेने जोराचा दाब पडत असला की अभ्रकासारखी चपटी खनिजं त्या दाबाला काटकोनात वाढतात, म्हणून दगडाला पापुद्रे सुटतात. मूळ खडक शेल, म्हणजे चिकणमातीचा असेल, तर स्लेटमध्ये कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि पृष्ठभाग निस्तेज असतो. फिलाइट फिरवला की रेशमासारखी चमक मारतो. शिस्टमध्ये अभ्रकाचे पत्रे सुटे दिसतात, कित्येकदा त्यांत गार्नेटचे तांबडे दाणे रुतलेले असतात. नीसमध्ये फिकट आणि गडद खनिजांचे वेगवेगळे पट्टे पडतात. पण नीस ग्रॅनाइटपासूनही बनतो. ही नावं दगडाची ठेवण सांगतात, त्याचं मूळ नव्हे.

स्लेटचा एक चांगला तुकडा वर्गात जरूर न्या. तो ज्या पातळीवर सुटतो ती मूळ गाळाच्या थरांचीच असते असं मुलांना वाटतं. नीट पाहिलं तर थरांच्या फिकट रंगरेषा त्या पातळीला तिरक्या छेदून जाताना दिसतात. गाळ साचला तेव्हाचा थर आणि पर्वत घडताना पडलेला दाब, दोन्ही एकाच तुकड्यावर! मला तरी हे दाखवायला याहून चांगली वस्तू माहीत नाही.

संगमरवर (मूळ चुनखडक) आणि क्वार्टझाइट (मूळ वालुकाश्म) यांत चपटी खनिजं जवळजवळ नसतातच, म्हणून पापुद्रेही नाहीत.

ठेवणीनंतर खनिजं पाहा. भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात खनिजांवरून खडकांचे पट्टे नकाशावर मांडले. पुढच्या संशोधकांनी तो क्रम पुरा केला : क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट. मूळची माती एकच, पण तापमान चढत गेलं तसं खनिज बदललं.

प्रश्न : भंडारा जिल्ह्यात मामाच्या शेतात निळसर, लांबट पात्यांचा दगड सापडला. चाकूने लांबीच्या दिशेने ओरखडा उठतो, आडवा उठत नाही. असं का? (अकरावीचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : शाब्बास, अगदी नेमकं पाहिलंस! हा बहुधा कायनाइट. खनिजांची कठिनता १ ते १० च्या मोहस् मापावर मोजतात; याची लांबीच्या दिशेने ५ च्या आसपास आणि आडवी ७ च्या जवळ असते. चाकूचं पोलाद या दोहोंच्या मधलं. भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइटचे साठे आहेत आणि भट्टीत लावायच्या उष्णतारोधक विटांसाठी ते वापरतात.

कायनाइट, सिलिमनाइट आणि अँडालुसाइट या तिघांचं रासायनिक सूत्र एकच आहे. दाब जास्त तर कायनाइट, तापमान जास्त तर सिलिमनाइट, दाब कमी तर अँडालुसाइट. सुमारे ५०० अंश आणि १४-१५ किलोमीटर खोलीवरचा दाब, इथे तिघांच्या हद्दी मिळतात. तुझा दगड वर आला तरी कायनाइटच का राहिला? वर येताना तो थंड झाला, पाणी आधीच निघून गेलेलं, मग उलटी क्रिया जवळजवळ थांबली. हे असं थांबतं म्हणूनच खोलवरचा पुरावा आपल्या हाती लागतो.

प्रश्न : कोळशाचं रूपांतर होऊन हिरा बनतो हे खरं ना? (गृहिणी, इचलकरंजी)

उत्तर : नाही, ताई. कोळसा जमिनीवरच्या वनस्पतींपासून होतो. बहुतेक हिरे १०० कोटी वर्षांहून जुने आहेत, तेव्हा जमिनीवर झाडंच नव्हती. ते साधारण १५० किलोमीटरहून खोल, पृथ्वीच्या कवचाखालच्या थरात म्हणजे प्रावरणात तयार झाले आणि ज्वालामुखीच्या नळ्यांतून वर आले. कोळसा तापत, दबत गेला तर अँथ्रासाइट (सगळ्यात कठीण कोळसा) आणि पुढे ग्रॅफाइट होतो.

प्रश्न : सह्याद्रीत इतके ट्रेक केले, रूपांतरित खडक कुठेच कसा दिसला नाही? (ट्रेकर, पुणे)

उत्तर : तुम्ही लाव्हाच्या थरांवर चालत होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा बेसाल्ट पुन्हा खोल गाडला गेलाच नाही. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइट आणि नीस लागला. तोच जुना पाया उघड्यावर पाहायचा तर सिंधुदुर्ग, गोवा किंवा पूर्व विदर्भात जा.

प्रश्न : ओट्यासाठी संगमरवर, कडप्पा की ग्रॅनाइट? (घर बांधणारे दांपत्य, जळगाव)

उत्तर : नावाप्रमाणे पाहिलं तर यांतला रूपांतरित फक्त संगमरवर. कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडक. बाजारातला ‘काळा ग्रॅनाइट’ बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो हा दुसराच अग्निजन्य खडक असतो आणि लाटांची नक्षी असलेला ‘ग्रॅनाइट’ पुष्कळदा नीस, म्हणजे रूपांतरितच. संगमरवर आणि कडप्पा दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यामुळे लिंबाने, चिंचेने दोन्हींची झिलई जाते. दुकानातून नमुन्याचा तुकडा आणा, त्यावर लिंबाचे दोन थेंब रात्रभर ठेवा आणि सकाळी पुसून बघा. पांढुरका डाग पडला, तर ओट्यासाठी दुसरा दगड निवडा.