आईला मोटर न्यूरॉन डिसीज : नोकरी सोडू का?

प्रश्न : कऱ्हाडला राहणाऱ्या माझ्या आईला (वय ६२) मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होण्याचा आजार) असल्याचं निदान झालंय. बोलणं जड झालंय, पाणी पिताना ठसका लागतो. मी एकुलती एक. पुण्यात नोकरी आहे, हातात ९५ हजार पडतात, त्यातले ३१ हजार घराच्या हप्त्याला जातात. बाकीचा खर्च नवरा बघतो. बाबांना ३४ हजार पेन्शन आहे, त्यातले १४ हजार त्यांच्या घरखर्चाला लागतात. आईच्या नावावर १४ लाखांची एफडी आणि एक प्लॉट आहे. इथल्या ब्युरोत पेशंट सांभाळणाऱ्या मावशींचे बारा तासांचे ७५० रुपये सांगतात. राजीनामा देऊन आईजवळ राहावं असं मनात आहे. एक नातेवाईक मात्र म्हणतात, एफडी मोडा आणि ९ लाखांची स्टेम सेल ट्रीटमेंट करा. काय करू?

उत्तर : राजीनामा देऊ नका. रजा मात्र घ्या, आणि आत्ताच घ्या.

या आजारात औषधांपेक्षा माणसांवर जास्त पैसा जातो. रिलुझोल हे औषध आजाराचा वेग थोडा कमी करतं, थांबवत नाही. पुढे कूस बदलायला, भरवायला, तोंडातली लाळ ओढून घ्यायला, रात्री बायपॅपचा (श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा) मास्क नीट बसवायला कुणीतरी सतत जवळ लागतं. लक्षणं दिसल्यापासून साधारण तीन ते पाच वर्षं, काही रुग्णांना दहाहून जास्तही मिळतात. आई जास्त वर्षं राहील हे धरूनच हिशोब करायला हवा.

नोकरी सोडलीत तर बाबांच्या पेन्शनीतले उरलेले २० हजार, आणि समोर ३१ हजारांचा हप्ता. दिवसा तुम्ही कराल, पण रात्रीची मावशी लागणारच, म्हणजे २२,५००. फिजिओथेरपी, डायपर, नळीतून द्यायचा आहार, मशीनचं भाडं यांना मी २५ हजार धरतो. महिन्याला ५८,५०० ची तूट येते. एफडी जेमतेम दोन वर्षं पुरेल, आणि ती संपेल तेव्हा आईला सर्वांत जास्त माणसं लागत असतील.

नोकरी ठेवलीत तर हप्ता जाऊन तुमचे ६४ आणि बाबांचे २० मिळून ८४ हजार होतात. दोन्ही पाळ्यांच्या मावशी आणि बाकी खर्च धरून ७० हजार. ओढाताण होईल, पण भागेल, आणि महिन्याच्या खर्चासाठी एफडीला हात लागणार नाही. त्यासाठी दोघांना पुण्याला आणावं लागेल. बाबांना जड जाईल, तरी न्यूरॉलॉजिस्ट आणि तुम्ही एकाच गावात असणं मला जास्त मोलाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडिलांना घेता येत असेल, तर बहुतेक वेळा आधीचा आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो. बाहेर नवी पॉलिसी आता आईला मिळणं अवघड आहे, आणि मिळालीच तरी आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. छातीत जंतुसंसर्ग होऊन आयसीयूत न्यावं लागलं तर कंपनीची ही पॉलिसी घर वाचवते. (घरातली मावशी आणि भाड्याचं मशीन मात्र त्यात सहसा येत नाही, म्हणून ते वर धरलं आहे.) आईचं नाव कधी घालता येईल आणि बिनपगारी रजेत कव्हर चालू राहील का, हे एचआरकडून लेखी घ्या.

आता रजेबद्दल. लोक रजा शेवटासाठी राखून ठेवतात. तुमच्या आईच्या आजाराची सुरुवात बोलण्यातून झाली आहे, त्यामुळे तिच्याशी मनसोक्त बोलता येईल ते हेच महिने आहेत. दोन महिने बिनपगारी रजेचे १ लाख ९० हजार एफडीतून काढा. त्या पैशाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. परत आल्यावर आठवड्यातले काही दिवस घरून काम मागा.

स्टेम सेलसाठी एक रुपयाही देऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर अजून प्रयोगाच्याच पातळीवर आहे. प्रयोगात सहभागी होणाऱ्याकडून ९ लाख मागायचे नसतात. नातेवाइकांच्या पोटात माया आहे, हे मान्य. त्यांना सांगा, एवढ्या पैशात एक मावशी तीन वर्षांहून जास्त काळ येते.

एफडीतून २ लाख मोडल्यावर राहिलेल्यांपैकी ४ लाख लगेच काढता येतील असे ठेवा. बाकीचे बाबांच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, दर तिमाहीला व्याज येईल. आईची जुनी क्रिटिकल इलनेस पॉलिसी (गंभीर आजाराचं निदान झालं की ठरलेली रक्कम देणारी) किंवा दुसऱ्या पॉलिसीला जोडलेला तसा रायडर आहे का, तेही कपाटात शोधा. मोटर न्यूरॉन डिसीज हा त्यातल्या प्रमाणित आजारांपैकी एक आहे. स्नायूंची कमजोरी सलग तीन महिने टिकल्याची वैद्यकीय नोंद मात्र लागते. आईच्या आजारपणासाठीच्या करवजावटीचं सीएंना विचारा, पण नव्या करप्रणालीत ती मिळत नाही, म्हणून तिच्यावर विसंबून काही ठरवू नका.

हातात पेन धरता येतंय तोवर खातं आणि एफडी ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी करून घ्या. प्लॉटसाठी मृत्युपत्र आणि बाबांच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र करा. पुढे सही जमेनाशी झाली तर अंगठा चालतो, हाताचा नसेल तर पायाचाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ती सोय आहे. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेत कुणी नाही म्हणालं तर मॅनेजरना भेटा.

तुमचा स्वतःचा टर्म इन्शुरन्स नसेल तर तोही काढा, घराचा हप्ता तुमच्या पगारावर आहे. हा आजार बहुतेक रुग्णांत आनुवंशिक नसतो. तरी अर्जात कुटुंबाचा आजार विचारला असेल तर आईचं निदान स्पष्ट लिहा, लपवलंत तर क्लेम अडकतो.