टांगाईलचा प्रसंग: विखुरण्याचे फासे पुन्हा बदलण्याआधी

आपण लिहिले आहे की बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलजवळ भारतीय सैनिकांनी घेतलेल्या छत्रीउडीवर आपण पटावर खेळायच्या युद्धखेळाचा प्रसंग बेतला आहे, उतरणाऱ्या तुकड्या कुठे पडतात हे ठरवणारे विखुरण्याचे फासे तीनदा बदलून पाहिले आहेत, आणि तरीही प्रत्येक डावात दोनपैकी एकच गोष्ट घडते. एक तर भारतीय तुकड्या इतक्या दूरवर फेकल्या जातात की जो पूल घ्यायचा तो हाती येतच नाही. नाहीतर पूल हाती येतो आणि चौथ्या फेरीनंतर दोन्ही खेळाडूंना करण्यासारखे काही उरत नाही. हे वाचताना मला माझीच जुनी वही समोर उघडल्यासारखे वाटले. साताऱ्यात घरच्या माडीवर याच प्रसंगावर मी अकरा महिने घालवले आणि त्यांतले चार महिने नको त्या जागी दुरुस्त्या करण्यात गेले. आपले तेवढे महिने वाचावेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो आहे. मी सैन्यात नव्हतो आणि लष्करी इतिहासाचे रीतसर शिक्षणही घेतलेले नाही; खेळ बेतण्याचा छंद मात्र बरीच वर्षे आहे, तेव्हा माझ्या मताला तेवढेच वजन द्यावे.

पटावरच्या षटकोनी घरांचे माप, सोंगट्यांची ताकद, गोळीबाराचा तक्ता या गोष्टी आपल्याला चांगल्या जमतात हे दिसतेच आहे. त्यांत मला काही सुचवायचे नाही. माझ्या मते दोष फाशांत नसून दोन्ही खेळाडूंना सगळा पट दिसतो, यात आहे.

घडलेला प्रसंग एकदा या नजरेने पाहावा. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या २ पॅरा या छत्रीसैनिकांच्या बटालियनचा गट दुपारी साडेचारच्या सुमारास उतरला, संध्याकाळी सातपर्यंत पुंगली पूल त्यांच्या ताब्यात होता, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरेकडून आलेल्या १ मराठा लाइट इन्फंट्रीशी त्यांची गाठ पडली. पूल घेणे तुलनेने लवकर आटोपले. खरी लढाई झाली ती त्यानंतर, रात्री, जेव्हा उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ९३ ब्रिगेडच्या तुकड्या पुलापाशी येऊन थडकल्या. त्या आल्या, कारण त्यांच्या वाहनांना दुसरा सोयीचा रस्ता नव्हता, आणि पुढे नेमके किती सैन्य बसले आहे याचा त्यांना अंदाज नव्हता. हे न कळणे खेळातून काढून टाकले, तर त्या तुकड्यांनी पुलाकडे यावे तरी कशासाठी?

माझी चूक हीच होती. सात महिने खपून मी फ्लेक्सच्या कोऱ्या बाजूवर सहा फूट बाय चार फुटांचा पट आखला, सदऱ्याच्या बटणांवर रंग देऊन सोंगट्या केल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला पाकिस्तानी बाजू घेऊन बसवले. संध्याकाळी सातच्या फेरीला मी पुलावर चार हिरवी बटणे मांडली. त्याने पटाकडे एकदा पाहिले, आपल्या तिन्ही रांगा डांबरी रस्त्यावरून उचलल्या आणि कच्च्या वाटांनी पुलाला वळसा घालून निघाला. मी विचारले, तर म्हणाला, “मामा, तुमची माणसं पुलावर बसलेली मला दिसताहेत. मग मी तिकडे कशाला येऊ?” पुढचे दोन तास मी चार बटणे घेऊन रिकाम्या पुलाची राखण केली.

मला तेव्हाच कळायला हवे होते. त्याऐवजी मी कच्च्या वाटा बंद केल्या. मग त्याला पुलावर यावेच लागे, पण काय वाट पाहते आहे हे दिसत असल्यामुळे तो आधी सगळे बळ एकवटे आणि मगच येई, आणि डाव केवळ फाशांवर ठरे. मी मशीनगनची ताकद कमी केली, मग वाढवली, मग रात्रीच्या गोळीबाराला वेगळा तक्ता केला. चार महिने मी आकडे हलवत राहिलो. आपण विखुरण्याच्या फाशांचे जे करत आहात, ते हेच आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

डोळे उघडले ते दुसऱ्या महायुद्धातल्या क्रीट या ग्रीक बेटावरच्या लढाईबद्दल वाचताना. २० मे १९४१ रोजी मालेमे विमानतळाजवळ जर्मन छत्रीसैनिक उतरले, तेव्हा त्यांतले बरेचसे पिस्तूल आणि हातबॉम्बवर होते, कारण बाकीची शस्त्रे वेगळ्या पेट्यांतून टाकली जात. त्यांची हानीही भयंकर झाली. तरी विमानतळ गेला. तेथील १०७ क्रमांकाची टेकडी राखणाऱ्या न्यूझीलंडच्या बटालियनच्या प्रमुखाचा आपल्याच पुढच्या कंपन्यांशी संपर्क तुटला होता, त्या संपल्या असाव्यात असे समजून त्याने रात्री माघार घेतली, आणि प्रत्यक्षात त्या अजून जागेवर होत्या. हाच प्रसंग सर्व सोंगट्या उघड्या ठेवून खेळला, तर कोणताही शहाणा खेळाडू ती टेकडी सोडणार नाही. छत्रीसैनिकांचा खरा मारा समोरच्याच्या अंदाजावर असतो, आणि आपला पट तो मारा होऊच देत नाही.

म्हणून मी पुढीलप्रमाणे केले. तिसऱ्या माणसाला पंच नेमले. पाकिस्तानी खेळाडूच्या नजरेपलीकडची प्रत्येक भारतीय सोंगटी काडेपेटीत घातली आणि तशाच सारख्या दिसणाऱ्या रिकाम्या पेट्याही पटावर ठेवल्या, कारण त्या दिवशी खरोखरच कॅरिबू विमानांतून छत्र्यांना बांधलेले पुतळे इतरत्र टाकून दिशाभूल केली गेली होती. पाकिस्तानी खेळाडूने डावाच्या आरंभी प्रत्येक रांगेला लेखी हुकूम द्यायचा. तो बदलायचा असेल, तर आधी खबर पोहोचली पाहिजे आणि मग नवा हुकूम त्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे. दोन्हींना पंच गुपचूप फासा टाकतो. खबर पोहोचली तरी ती खरी असेलच असे नाही: फाशावर एक किंवा दोन पडले, तर पंच उतरलेल्या सैन्याचा आकडा कित्येक पटींनी फुगवून सांगतो. त्या दिवसांत अख्खी ब्रिगेड उतरल्याची बातमी पसरली होती, तेव्हा हा नियम हवेतून आलेला नाही. कच्च्या वाटा मी पुन्हा खुल्या केल्या. फक्त त्या वाटेने गेल्यास गाड्या आणि तोफा मागे सोडाव्या लागतात, आणि विजयाचे गुण माणसांपेक्षा गाड्या-तोफांना अधिक ठेवले. आता रस्ता सोडायचा की नाही, हा खऱ्या अर्थाने पेच होतो.

विखुरण्याबद्दल माझे मत ठाम आहे, ते सर्वांना पटेल असे नाही. विखुरण्याने माणसे मारू नयेत, वेळ खावा. नॉर्मंडीत मर्व्हिलच्या तोफखान्यावर जाणाऱ्या ब्रिटिश ९ पॅराची सहाशेंहून अधिक माणसे निघाली आणि हल्ल्याच्या वेळी जमली ती सुमारे दीडशे. पण बाकीची सगळी मेली नव्हती, ती वेळेवर पोहोचली नाहीत. टांगाईलला तर परिस्थिती आणखी वेगळी होती. तिथले बंडखोर नेते कादर सिद्दीकी यांच्या मुक्तियोद्ध्यांचा त्या मुलखात जम होता, गावकरी धावत आले आणि दारूगोळ्याची ओझीसुद्धा त्यांनी उचलली. म्हणून माझ्या पटावर गावाजवळ उतरलेली तुकडी फासा न टाकता एका फेरीत गोळा होते, आणि दूर पडलेलीला दोन ते चार फेऱ्या लागतात. एकेका सैनिकासाठी फासा टाकू नये. एका विमानाला एक फासा पुरतो.

फेऱ्यांची वाटणी मी अशी केली: साडेचार ते सात अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाच फेऱ्या, सात ते पहाटे पाच तासातासाच्या दहा, आणि पहाटे पाच ते संध्याकाळी पाच तीन तीन तासांच्या चार. एकूण एकोणीस. रात्रीला निम्म्याहून अधिक फेऱ्या मुद्दाम दिल्या आहेत. १ मराठाची सोंगटी अमुक फेरीला येणारच, असे मात्र ठरवू नये. पुलावर बसलेल्या खेळाडूला दारूगोळा किती जपावा हे कळता कामा नये. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमधल्या आर्न्हेमला ब्रिटिश अधिकारी फ्रॉस्ट यांच्या छत्रीसैनिकांना पूल अठ्ठेचाळीस तास धरायचा होता, आणि जमिनीवरून येणारे रणगाडे त्यानंतरही पोहोचले नाहीत. ही धास्ती पटावर आली पाहिजे.

नकाशाविषयी एक सूचना, कारण मला त्याचा मनस्ताप फार झाला. जुन्या भूप्रदेशीय नकाशासाठी मी एका सरकारी कार्यालयात अर्ज केला. पहिला अर्ज प्रयोजन लिहिले नाही म्हणून परत आला, दुसरा प्रयोजन ‘खेळ’ लिहिले म्हणून, आणि तिसऱ्यावर संबंधित साहेब रजेवर आहेत एवढेच उत्तर दीड महिना मिळत राहिले. नकाशा देता येत नाही, असे पहिल्याच दिवशी सांगितले असते तरी माझी काही तक्रार नव्हती. मी शेवटी उपग्रहाच्या चित्रांवरून पट काढायला घेतला आणि तेथेही घसरलो, कारण जमुनेवरचा मोठा पूल १९९८ मध्ये सुरू झाल्यापासून टांगाईलकडचे रस्ते पार बदलले आहेत. आजचा महामार्ग पटावर उतरवलात, तर १९७१ ची माघार समजणारच नाही. लढाईच्या वर्णनांतले कच्चे आराखडेच जुळवून घ्यावेत. ते मापाला चुकीचे असले तरी कोणता रस्ता तेव्हा होता हे बरोबर सांगतात.

जमल्यास एखाद्या निवृत्त जवानाला दाखवावे. आपल्या जिल्ह्यात, अपशिंग्यासारख्या गावांत, अशी माणसे शोधावी लागत नाहीत, आणि २ पॅरा तर मुळात मराठा लाइट इन्फंट्रीचीच तिसरी बटालियन. त्यांना डावपेच विचारू नयेत. छत्री सोडवायला, ओझे बांधायला, अंधारात आपला माणूस ओळखायला किती वेळ लागतो ते विचारावे. माझ्या गोळा होण्याच्या फेऱ्या अशाच एका संध्याकाळी दुरुस्त झाल्या. त्यांतले काही जण मागे राहिलेल्या सोबत्यांविषयी बोलू लागतात. तेव्हा वही मिटून ऐकावे.

आणि पुढच्या चाचणीला पाकिस्तानी बाजू अशा माणसाला द्यावी, ज्याने ही लढाई वाचलेली नाही. मी शेजारच्या गणिताच्या शिक्षकांना बसवले, त्यांना फक्त लेखी हुकूम आणि घड्याळ दिले. रात्री नऊच्या फेरीला त्यांनी गाड्यांची रांग सरळ रस्त्याने पुलाशी आणली आणि पंचाने पुलावरची पेटी उघडली. त्यांनी बराच वेळ पटाकडे पाहिले, मग मागच्या दोन रांगांना थांबवण्याचा हुकूम लिहायला घेतला, आणि पंचाने त्या हुकुमासाठी फासा उचलला.