रविवारचा फोन आणि बाकं लावणारा नवरा

तुझं पत्र रविवारच्या उपासनेहून छावणीतल्या घरी परतल्यावर वाचलं, आणि रात्री पुन्हा वाचलं. तुम्हा दोघांना मिशनच्या कामासाठी इंदूर सोडून टांझानियात पाच महिने झाले. नवऱ्याला उपदेशाची संधी मिळत नाही, तिथल्या चर्चचे पाळक त्याला बाकं लावायला सांगतात. दर रविवारी सासूबाईंचा फोन येतो, ‘आज किती जण आले रे?’ आणि आता नवरा तो आकडा वाढवून सांगायला लागलाय, हे तू अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंस. मला त्या ओळीचीच काळजी वाटते.

सासूबाईंना केरींबद्दल सांगा. इंग्लंडचे मिशनरी विल्यम केरी 1793 मध्ये बंगालात उतरले. त्यांच्या हातून पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा झाला तो 1800 च्या डिसेंबरात. मधल्या सात वर्षांत त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला, पत्नी डोरोथीचं मन कायमचं ढळलं आणि पोटासाठी त्यांनी निळीच्या कारखान्यात नोकरी केली. पुढे 1805 मध्ये याच केरींनी मराठीचं व्याकरण छापलं. ती मराठी ते वैजनाथ पंडितांपुढे बसून शिकले होते. दर रविवारी कुणी त्यांना आकडा विचारला असता, तर काय सांगितलं असतं त्यांनी?

मी आणि माझा नवरा, आम्ही दोघंही टांझानियात राहिलो आहोत. पहिल्याच महिन्यात बायकांच्या प्रार्थनेची वेळ मला ‘सा तातू’ अशी सांगितली. तातू म्हणजे तीन, एवढं मी शिकले होते. दुपारी तीनला पोचले तर अंगण झाडून स्वच्छ, माणूस एक नाही. तिथल्या स्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सा तातू म्हणजे सकाळचे नऊ. मागच्या चुलीपाशी एक म्हातारी बसली होती. तिनं माझ्यासाठी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, झाकून ठेवली होती. चूक माझी, तरी तीच मला ‘पोले, पोले’ म्हणाली, म्हणजे वाईट वाटतं गं. मग बाहेर नेऊन सूर्य सकाळी जिथे असतो तिकडे बोट केलं आणि मोजायला लागली, मोजा, म्बिली, तातू. मी देवाच्या कामासाठी आले होते आणि मला घड्याळ शिकवायला ती भेटली. त्या दिवशी मी तिच्या हातचं मुकाट्यानं जेवले. प्रभू येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकला तेव्हा शिष्य पेत्राला जी लाज वाटली, ती मला तेव्हा कळली.

म्हणून माझं स्पष्ट मत, पहिले सहा महिने त्यानं उपदेश करूच नये. भाषा येत नसताना दुभाष्याकरवी बोललेलं लोक आदरानं ऐकतात, मनाला लागत नाही. बाकं मात्र त्यानं मनापासून लावावीत. सगळ्यांच्या आधी जाऊन, सोबत बाकं लावणाऱ्या वडीलधाऱ्यांना आधी ‘शिकामो’ म्हणून. या शब्दाचा मूळ अर्थ ‘पाय धरतो’ असा सांगतात. आपण घरी ‘पाया पडतो’ म्हणतो, तसंच. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कोण आजारी आहे, कुणाचं पोर शाळेतून काढलंय, हे त्या बाकांपाशीच कळतं. पाळकांनी त्याला खरं तर चांगल्या जागी उभं केलंय.

तुझ्याबद्दल दोन शब्द. घरात बसू नकोस. शेजारणीबरोबर बाजारात जा, भाजीची नावं तिच्याकडूनच शीक. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर ते धीराच्या नावाखाली गिळू नकोस. ज्या मंडळीनं तुम्हाला पाठवलं तिला स्पष्ट लिही आणि डॉक्टरांना दाखव.

आणि येत्या रविवारी फोन वाजला की नवऱ्याला सांग, आईंनी आकडा विचारायच्या आधीच त्यांना ‘शिकामो’ म्हण. याचं उत्तर ‘माराहाबा’ असं द्यायचं, हेही त्यांना शिकव. मग आज किती बाकं लावली, ते सांग.